फुकेतहून न आलेलं कडं

१

उमेदमलशेठांच्या हातात कडं नाही, हे सगळ्यांत आधी झमकूबाईंना दिसलं. त्या वेळी मी शेठच्या गळ्यात हार घालत होतो, बँडवाले गाल फुगवून तयार होते आणि शहाद्याचा अर्धा मेन रोड आमच्याकडे बघत उभा होता.

"कडं कुठंय?" झमकूबाईंनी विचारलं. ओवाळणीचं ताट तसंच हवेत राहिलं.

शेठनी उजव्या मनगटाकडे पाहिलं. मग डाव्या मनगटाकडे पाहिलं. कडं बाजू बदलून बसलं असेल, अशी त्यांना आशा असावी.

झमकूबाई म्हणजे शेठच्या पत्नी. त्यांचं वर्षीतप सुरू असल्यामुळे, म्हणजे जैनांचा वर्षभर एक दिवसाआडचा उपास असल्यामुळे, त्या सहलीला गेल्या नव्हत्या. आणि ते कडं त्यांच्या वडिलांनी लग्नात राजस्थानातून आणून जावयाच्या हातात घातलेलं होतं. तेव्हा शेठ काडीसारखे होते. पुढे कापडाचं दुकान वाढलं, शेठ वाढले, कडं मात्र होतं तेवढंच राहिलं. कित्येक वर्षं ते त्यांच्या मनगटात रुतून बसलं होतं. साबण लावला तरी हलायचं नाही.

मी फत्तेसिंग गिरासे. बस स्टँडजवळ माझं बियाण्यांचं दुकान आहे आणि व्यापारी मंडळाचा मी सचिव आहे. शेठ थायलंडला गेले होते. तिथे फुकेतच्या समुद्रात पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून ते तळाशी जाऊन आले. पाण्याखालचा फोटो व्हॉट्सॲपवर आला त्याच दिवशी मी बॅनर छापून टाकला. 'समुद्राच्या तळाशी शहाद्याचा झेंडा!' फोटोत तोंड दिसत नव्हतं, सगळं काचेखाली आणि नळीमागे झाकलेलं. मंडळात कुणीतरी शंका काढली, "हे शेठच कशावरून?" दुसऱ्यानं लगेच उत्तर दिलं, "हात देख ना भो." विषय संपला. रविवारचा जाहीर सत्कार तर ते पाण्यात उतरण्याआधीच ठरला होता.

आणि आता दारात ही भानगड.

"कलीमकडे आहे," शेठ एकदम म्हणाले. "पाण्यात उतरण्याआधी काढून कलीमजवळ दिलं होतं. त्यानं परत दिलंच नाही. आत्ता आठवलं."

कलीम हा सहलीचा चालक-मालक. तो बसच्या डिकीत अर्धा शिरून बॅगा ओढत होता. बाहेर आला तर सगळा रस्ता त्याच्याकडे बघत होता. बँडवाल्यांचे गालही खाली बसले होते.

"मन्हाकडे?" तो म्हणाला. "शेठ, माले कधय दिधं?"

शेठ चप्पल न काढताच घरात गेले.

२

कलीमचं घराणं शहाद्यात पिढ्यान्‌पिढ्याचं. आजोबांचा टांगा होता, वडिलांची काळी-पिवळी जीप. कलीमनं त्याची 'कलीम टूर्स' केली. तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शन, वणी, अजमेर, शिर्डी असं करत करत यंदा पहिल्यांदा त्यानं विमान भरलं होतं, सुरतेहून थेट थायलंड. पुढच्या बालीच्या सहलीची नावंही आली होती. कड्याची बातमी फुटल्यावर एकेक नाव गळायला लागलं.

दोन-तीन दिवसांत कलीमची बायको अस्मा आमच्याकडे आली. माझ्याकडे नव्हे. हेमांगीकडे.

हेमांगी माझी बायको. शहाद्याच्या कोर्टात वकिली करते. घरच्यांची उलटतपासणी ती फुकट घेते.

"वकीलबाई," अस्मा म्हणाली, "शेठ गावभर सांगतायत, जाऊ द्या, गरीब माणूस आहे, मी माफ केलं. लोक म्हणतात काय मोठं मन! अहो, चोरीच केली नाही तर माफी कसली? चोर म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. माफ करणाऱ्याशी कसं भांडायचं?"

हेमांगीनं चहाचा कप खाली ठेवला. तिनं कप अर्धवट ठेवला की मला धडकी भरते.

अस्मा गेल्यावर ती मला म्हणाली, "ऐकं का? सासरानं दिधेल कडं गयं, आन शेठ तक्रार कराले तयार नही. तुमनी दुकानमाईन बियाणानी थैली गयी तर तुम्ही काय करतस?"

"आरडाओरडा करस."

"मंग शेठ काबर नही करतस?"

"मोठं मन," मी म्हणालो.

"त्यासनं मन मी मागच्या दिवाळीले देखं. साडीनी पिशवी मांगी तर नही दिधी." ती उठली. "चला."

"कोठे?"

"तुमना सत्काराले जराशी खीळ माराले."

३

कलीमचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर निळ्या समुद्राचं भलंमोठं पोस्टर. कलीम पोस्टरकडे पाठ करून बसला होता.

"मॅडम, खरं सांगतो. मी त्या दिवशी काहीच पाहिलं नाही."

"काहीच?"

"वणीचा घाट मी एका हातानं चढवतो. पण ती बोट हलायला लागली आणि माझं पोट तोंडात आलं. खालच्या खोलीत प्लास्टिकची पिशवी धरून पडलो होतो. शेठ पाण्यात कधी गेले, कधी आले, देवाशपथ माहीत नाही. लोक म्हणतात, टूरवाल्याला बोट लागते का? लागते! काय करू?"

"बोटीवर आणखी कोण होतं?"

"बाकी सगळे बेटावर उतरले, फोटो काढायला. बोटीवर राहिलो आम्ही तिघं. मी, शेठ आणि जामसिंग सर. आणि ते पाण्यात नेणारे थाई गुरू लोक."

जामसिंग पावरा हे धडगावकडच्या एका आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक. शाळेच्या गणवेशाचं कापड ते शेठकडून नेतात. दिवाळीत शेठनी गिऱ्हाइकांसाठी सोडत काढली, तीत परदेश सहलीचं पहिलं बक्षीस जामसिंग सरांना लागलं. शेठना वाटलं होतं, ते कुणीतरी नातेवाइकालाच लागेल.

"गुरू लोकांना मराठी येत होतं?" हेमांगीनं विचारलं.

कलीम पहिल्यांदाच हसला. "मलाच अर्धवट समजायचं. आदल्या दिवशी त्यांनी पाण्याखालच्या खुणा शिकवल्या. खाली बोलता येत नाही ना. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, बोटांचा गोल केला म्हणजे ठीक आहे. अंगठा वर केला म्हणजे मला वर घेऊन चला. मी तर बोटीत पडल्या पडल्या दिवसभर अंगठाच वर करत होतो. कोणी नेईना."

"सगळ्यांना शिकवलं?"

"शेठ तेव्हा फोनवर होते. इथून मंडळाचा फोन होता, सत्काराची तारीख ठरवायला."

हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं. मी पोस्टरकडे पाहिलं. समुद्र खरंच सुंदर होता.

४

शेठ गादीवर बसले होते. आजूबाजूला कापडाचे तागे, मागे झमकूबाई हिशेबनीस असल्यासारख्या ताठ बसलेल्या.

"या या, वकीलबाई! फत्तेसिंगभाऊ, मानपत्र झालं का?"

"होई ऱ्हायनं," मी म्हणालो.

"शेठ," हेमांगीनं गोड आवाजात सुरुवात केली, "खाली कसं वाटलं, ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

शेठ खुलले. त्यांनी दोन्ही हात पसरले. "अरे, काय सांगू! मासे असे समोरून येतात, जसे लग्नाचे पाहुणे. पिवळे, निळे, चट्ट्यापट्ट्याचे. आणि मी सारखा अंगठा दाखवतोय. त्या गुरूला अंगठा, माशांना अंगठा. एकदम मस्त! तळाशी बसून अर्धा तास नुसता अंगठा दाखवत होतो."

"भीती नाही वाटली?"

"एकच चिंता होती. आम्ही उकळून गाळलेलं पाणी पिणारे लोक. तोंडात समुद्र गेला तर काय? पण नळी घट्ट धरली."

मी कौतुकानं म्हणालो, "फोटोत मात्र तुम्ही बारीक दिसता, शेठ."

"पाण्यात माणूस आकसतो," शेठ घाईनं म्हणाले. "दाबानं."

"आम्हाला शाळेत उलटं शिकवलं होतं," हेमांगी म्हणाली. "पाण्यात वस्तू मोठी दिसते. असो. पोलिसांत तक्रार का देत नाही?"

"नको नको. गरीब माणूस आहे. बायकामुलं आहेत."

"म्हारा बापूजींचं कडं आहे ते!" मागून झमकूबाई कडाडल्या. "रविवारी हारतुरे घाला काय घालायचे ते. पण तोवर कडं आलं नाही, तर सोमवारी मी स्वतः पोलीस ठाण्यात जाणार. कलीमला आत बसवल्याशिवाय पाणी घेणार नाही."

शेठच्या हातातला कापडाचा गज खाली पडला. तो उचलायला ते वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा शेठची सून फाल्गुनी दाराआड उभी होती. आम्हाला बघून तिनं हातातली चिटुकली पुडी पटकन पर्समध्ये टाकली.

५

दुसऱ्या दिवशी मानपत्राची फ्रेम आणायला मी नंदुरबारला गेलो, आणि सराफ बाजारात मला फाल्गुनी दिसली. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल. असा वेष केलेलं माणूस मला नेहमीच चटकन ओळखू येतं. ती एका सराफाच्या दुकानात शिरली. मी समोरच्या रसाच्या गाडीवर उभा राहून सगळं पाहिलं आणि परत शहाद्याला येईपर्यंत माझा तपास पूर्ण झाला होता.

"चोर सापडना!" मी घरात शिरताच ओरडलो. "फाल्गुनी! कडं सराफले विकाले गयी व्हती!"

"तुम्ही कडं देखं?" हेमांगी ज्वारीची भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

"नही. पर तिन्ही पर्समाईन पुडी काढी."

"पुडीमा काय व्हतं?"

मी आठवलं. "दोरा. जाड दोरा, गाठ मारेल. सराफानं तो गोल ठेवीसन मापा."

आता मात्र तिचे हात थांबले. भाकरी तव्यावर टाकून ती माझ्यासमोर येऊन बसली.

"विकाले जाणारं माणूस माप कसाले नेई? माप बनावाले नेतस. ती कडं विकी नही ऱ्हायनी, नवं करी ऱ्हायनी. तिले कोनी धाडं व्हई?"

"शेठनी?"

"दुसरं कोन? आते सांगा. कडं कलीमकडे शे असं शेठले खरंच वाटतं, तर ते कलीमना घरनी झडती लेतात. चुपचाप दुसरं बनावाले काबर टाकतात?" तिनं आवाज खाली आणला. "जुनं कडं परत येवाव नही, हाई त्यासले पक्कं माहीत शे."

तव्यावरची भाकरी करपली, पण तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"मंग कडं शे कोठे?" मी विचारलं.

६

कोर्टात जायला हेमांगी रोज माझ्या स्कूटरवर मागे बसते. त्या सकाळी बस स्टँडच्या चौकात ती एकदम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "थांबा!"

मागून येणारी उसाची ट्रॉली करकचून थांबली. ट्रॉलीवाल्यानं आम्हा दोघांच्या घराण्यांची आठवण काढली.

हेमांगी खाली उतरून माझ्या बॅनरसमोर उभी राहिली होती.

"सुंदर आहे ना?" मी म्हणालो. बॅनरच्या खालच्या ओळीत शुभेच्छुक म्हणून डावीकडून पहिला फोटो माझाच आहे. मंडळातल्या प्रत्येकानं बॅनर पाहिला होता तो आपापला फोटो शोधण्यासाठी. मी तर रोज दोनदा बघायचो.

"तुमना फोटो नही. वरला देखा."

वर निळं पाणी. पिवळे मासे. काळा पोशाख, तोंडावर काच, तोंडात नळी, आणि कॅमेऱ्याकडे बघून उंच केलेला उजवा हात. त्या हातात सोन्याचं कडं चमकत होतं.

फूटभर लांबीचं कडं, भर चौकात, आठवडाभर लटकत होतं. शेठ म्हणत होते, पाण्यात उतरण्याआधी काढून कलीमला दिलं. आणि इथे कडं पाण्यात, मंडळाच्या खर्चानं छापलेलं!

"म्हणजे कलीमकडे दिधंच नही," मी पुटपुटलो.

"कलीम सुटना. पर अजून देखा. कडं हातमा कोठे शे?"

मी डोळे बारीक केले. हात उंच केला होता, आणि कडं घसरून पार कोपराजवळ आलं होतं. बांगडीसारखं सैल लोंबत होतं.

"शेठना मनगटमाईन साबण लावीसन निघत नही ते कडं," हेमांगी म्हणाली. "वरतून तो जाड रबरी पोशाख. आन आठे ते कोपरपावत घसरेल शे. अजून एक. कलीम काय म्हने? अंगठा वर म्हणजे वर लई चला. शेठ तळाशी अर्धा तास अंगठा दाखाडी ऱ्हायनथात म्हणे. पहिला अंगठा दाखाडताच गुरूनी त्यासले वर आणं असतं. शेठ सांगतस तसं खाली घडूच शकत नही."

"मंग हाऊ हात कोणा शे?"

"बोटवर तीनच जण व्हतात. एक शेठ. दुसरा पिशवीमा तोंड घालीसन पडेल. ऱ्हायना कोण?"

७

म्हसावदवरून घाट चढून आम्ही धडगावच्या पुढे त्या आश्रमशाळेत पोहोचलो, तेव्हा जामसिंग सर मैदानावर खो-खोच्या रेघा आखत होते. उंच, सडसडीत, वेताच्या काठीसारखा माणूस. त्यांनी हात जोडले आणि मी पहिल्यांदा त्यांचं मनगट पाहिलं. त्यात शेठचं कडं घातलं तर दोन बोटं आणखी मावली असती.

"सर," हेमांगी म्हणाली, "कलीमवर चोरीचा आळ आलाय. सोमवारी झमकूबाई पोलिसांत जाणार आहेत."

सरांच्या हातातली चुन्याची बादली धपकन खाली बसली.

"कलीमभाईंवर? कशाची चोरी?"

"कड्याची."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "इथं फोनला रेंज नसते, मॅडम. मला कोणी सांगितलंच नाही. मी शेठना शब्द दिला होता की बोलणार नाही. पण त्या शब्दात दुसऱ्याला चोर ठरवायचं नव्हतं." त्यांनी हात पॅन्टला पुसले. "बसा. सगळं सांगतो."

शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं.

"शेठ घाबरले नव्हते, हे आधी लक्षात घ्या. ते पाण्यात उतरले. दोन हात खाली गेले आणि गुरूनं त्यांना वर आणलं. शेठनी परत खाली नेण्याचा हट्ट धरला. परत नेलं, परत वर. असं तीनदा झालं. मग गुरू म्हणाला, बस. शेठ बोटीत येऊन बसले आणि मला म्हणाले, जामसिंग, हा माणूस मला सारखा वर का आणतो? मी लायक नाही का? डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मला वाटलं, समुद्राचंच असेल. पण नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचा मेसेज होता, सत्काराचा हॉल बुक झाला म्हणून."

हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

"मग म्हणाले, तू माझ्या नावानं जा. तोंड झाकलेलंच असतं. ओळखीला कडं घाल. ते निघेना. तेव्हा उन्हासाठी लावायच्या मलमाची अख्खी बाटली रिकामी केली आम्ही. मी लहानपणापासून नर्मदेत पोहतो. मला पाण्याचं काही वाटत नाही. मी गेलो. फोटो निघाला. आणि येताना कडं हातातून सुटलं. वर येऊन मी पाया पडलो त्यांच्या. ते म्हणाले, जाऊ दे, पण कुणाला सांगू नकोस."

"रविवारी सत्काराला याल?" हेमांगीनं विचारलं.

"पायी येईन," सर म्हणाले.

८

शनिवारी दुपारी आम्ही शेठकडे गेलो. हेमांगीनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायला लावलं. तिनं बॅनरचा फोटो मोबाइलवर मोठा करून त्यांच्यापुढे धरला आणि जामसिंग सरांना भेटून आल्याचं सांगितलं.

शेठनी टोपी काढून गादीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम कुणी दुसरेच वाटले.

"दारात झमकूनं विचारलं," ते हळूच म्हणाले, "आणि तोंडातून कलीमचं नाव निघालं. का निघालं, माहीत नाही. समोर दिसला म्हणून. नंतर मागं घ्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून फाल्गुनीला तसंच दुसरं करायला पाठवलं. आणि सांगायचं तरी काय? उमेदमल समुद्रात नापास झाला?"

"नापास?" हेमांगी म्हणाली. "शेठ, खाली गेल्यावर तुम्ही गुरूला काय खूण केली?"

"अंगठा. मस्त आहे म्हणून."

"पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर घेऊन चला' असा होतो."

शेठचा अंगठा आपोआप वर आला. त्यांनी तो निरखून पाहिला, जसं एखादं कापड पारखतात.

"म्हणजे... मी मस्त म्हणायचो, आणि तो मला वर..."

"तीनदा."

"म्हणजे मी नापास नव्हतो?" शेठ ताडकन उभे राहिले. तागे कोसळले. "अरे, माझा श्वास बरोबर होता! नळी बरोबर होती! मी खाली राहिलो असतो! गिरासे, तुम्ही ऐकलंत? मी राहिलो असतो!"

"राहिला असतात," हेमांगी म्हणाली. "पण कलीम आज आठवडाभर बुडतोय, त्याचं काय?"

शेठ पुन्हा खाली बसले. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"उद्या मी बोलेन," ते म्हणाले. "पण झमकू काय करेल, ते तुम्ही बघा."

"ते मन्हा हातमा नही," हेमांगी म्हणाली. तिच्या हातात नसलेली एवढी एकच गोष्ट मी आजवर ऐकली आहे.

९

सत्कार दुपारी ठेवला होता, म्हणजे शेठकडच्या मंडळींचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकावं. हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत झमकूबाई आणि फाल्गुनी, अगदी शेवटच्या रांगेत कलीम आणि अस्मा. मधल्या रांगांतली माणसं त्यांच्याकडे वळून वळून बघत होती. जामसिंग सर भिंतीला टेकून उभे होते. पायी आले नव्हते, एसटीनं आले होते, पण तेवढीच धूळ अंगावर होती.

मी मानपत्र वाचायला उठलो, तर शेठनी माइक माझ्या हातातून घेतला.

"हे वाचू नका," ते म्हणाले. "खोटं आहे."

आणि त्यांनी सांगितलं. सगळं. तीनदा खाली जाणं, तीनदा वर येणं, मलमाची बाटली, जामसिंग सरांचा हात. अंगठ्याची गोष्ट आली तेव्हा हॉल असा हसला की पंखे हलले. शेठ थांबले. हसणं संपू दिलं.

"आणि कलीमनं कडं घेतलं नाही," ते म्हणाले. "मी त्याच्याजवळ दिलंच नव्हतं. मी..." त्यांचा आवाज बसला.

"ऐकू नाही आलं!" शेवटच्या रांगेतून अस्मा उभी राहिली. "कलीमकडे आहे म्हणालात तेव्हा सगळ्या रोडला ऐकू आलं होतं. तेवढ्याच जोरात बोला, शेठ."

शेठनी माइक तोंडाशी नेला.

"मी खोटं बोललो!" ते ओरडले. स्पीकर कोकलला. "कलीम चोर नाही! चूक माझी! कलीम, माझ्या घरच्या सगळ्यांची नावं बालीच्या सहलीला लिही, आणि मला माफ कर, किंवा नको करू. तुझी मर्जी."

कलीम उठला. काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "नावं लिहितो. माफीचं अस्माला विचारून सांगतो."

अस्मा खाली बसली. तिनं मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग झमकूबाई उठल्या. शेठ तर माइकच्या दांड्यामागे लपायला बघत होते. पण बाई नवऱ्याकडे गेल्याच नाहीत. त्या सरळ भिंतीपाशी, जामसिंग सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "खाली काय होतं?"

एवढे दिवस गावानं कडं, बॅनर, चोर, सत्कार सगळ्यावर चर्चा केली, पण समुद्राच्या तळाशी जाऊन आलेल्या माणसाला हे एकानंही विचारलं नव्हतं.

कुणीतरी माइक सरांच्या हातात दिला.

"पहिल्यांदा काहीच नव्हतं," ते म्हणाले. "फक्त माझा श्वास ऐकू येत होता. नर्मदेत आम्ही बुडी मारतो तेव्हा पाणी गढूळ असतं, आपलाच हात दिसत नाही. तिथं पार लांबवर दिसत होतं. मला वाटलं, मी पाण्यात नाहीच, डोंगरावरून तरंगत खाली चाललोय. एका दगडाला हात लावायला गेलो तर तो फुलासारखा मिटला. फोटोवाला म्हणाला, हात वर करा. केला. मग तो गेला. आणि खालून एक कासव आलं."

ते थांबले. मग झमकूबाईंकडे बघून म्हणाले, "बाई, हे मी शेठनाही सांगितलेलं नाही. कडं सुटलं ते मला कळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू खाली जात होतं. हात घातला असता तर मिळालं असतं. पण कासव अगदी जवळून चाललं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कासवाकडे बघत राहिलो."

शेठनी डोळे गच्च मिटून घेतले.

"केवढं होतं?" झमकूबाईंनी विचारलं.

सरांनी हात पसरले. पुरेनात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सत्काराचे हारतुरे ठेवलेलं टेबल दाखवलं.

झमकूबाई त्या टेबलाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि तिथेच, जवळच्या खुर्चीवर बसल्या.

आचारी दारात येऊन पानं वाढल्याचं सांगून गेला. कुणी उठलं नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "मंग, सर? अजून काय दिसनं?"

जामसिंग सरांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला.